आफ्रिकेतला कोतवाल खरंच खोटं बोलतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मे महिन्यात आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. छोट्या मुंगसांची एक टोळी जमीन उकरत चालली होती आणि तिच्या मागोमाग एक काळाभोर पक्षी या झाडावरून त्या झाडावर सरकत होता. आमचा वाटाड्या म्हणाला, हा खोटा धोक्याचा इशारा देऊन दुसऱ्याचं खाणं पळवतो. दिसायला तर तो आपल्या कोतवालासारखाच होता. हा तोच पक्षी का? राहतो कुठे, वागतो कसा? आणि ही हुशारीची गोष्ट खरी, की पर्यटकांसाठी तिखटमीठ लावलेली?"

गोष्ट खरी आहे. वाटाड्याने उलट थोडी कमीच सांगितली. गेली बावीस वर्षं मी मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झांबियात पक्षी दाखवत हिंडतो. सिंह, हत्ती दाखवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. या काळ्या पक्ष्याबद्दल आपणहून विचारणारं कोणी भेटलं की मी खूश होतो. म्हणून उत्तर जरा लांबलंय.

आधी ओळख. इंग्रजीत याला फोर्क-टेल्ड ड्राँगो म्हणतात, शास्त्रीय नाव डायक्रुरस अ‍ॅडसिमिलिस. आपला कोतवाल म्हणजे डायक्रुरस मॅक्रोसर्कस. दोन वेगळ्या जाती, पण अगदी जवळच्या. इतक्या जवळच्या की पूर्वी दोन्ही एकच जात मानत असत आणि भारतातल्या जुन्या पक्षीपुस्तकांत आपल्या कोतवालापुढे हेच 'अ‍ॅडसिमिलिस' नाव छापलेलं सापडतं. म्हणजे तुमची नजर चुकली नाही, चुलतभावालाच पाहिलंत. मी गटाशी बोलताना त्याला सरळ 'आफ्रिकेतला कोतवाल' म्हणतो, इथे सोयीसाठी बहुतेक ठिकाणी नुसतं ड्राँगो म्हणेन.

लांबी साधारण 25 सेंमी, वजन 40 ते 50 ग्रॅम. आपल्या कोतवालापेक्षा अंगाने किंचित लहान आणि शेपटीनेही आखूड. पूर्ण काळा, उन्हात निळसर-हिरवट झाक मारणारा. शेपटीची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली, बांगडा माशाच्या शेपटीसारखी. डोळा लाल, आणि तो लाल नुसता नावाला नाही: सकाळचं तिरपं ऊन पडलं की दुर्बिणीतून निखारा पेटल्यासारखा दिसतो. उडताना एक गंमत बघा. बसलेला पक्षी डांबरासारखा काळा, पण पंख पसरले की पिसांमधून उजेड झिरपतो आणि पंख फिकट तपकिरी वाटतात. पिल्लांच्या छातीपोटावर फिकट ठिपके असतात आणि डोळा तपकिरी असतो.

घोटाळा होतो तो एका माशीमार पक्ष्याशी. सदर्न ब्लॅक फ्लायकॅचर नावाचा हा पक्षी त्याच माळावर, तशाच फांदीवर, तितकाच काळा बसलेला असतो. माझ्या दुसऱ्याच दौऱ्यात मी ऐटीत त्याला ड्राँगो म्हणून जाहीर केलं, आणि गटातल्या एका शाळकरी मुलीने विचारलं, "काका, मग याची शेपटी सरळ कापल्यासारखी का?" तेव्हापासून मी आधी शेपटी बघतो, मग डोळा, मग तोंड उघडतो. माशीमाराची शेपटी टोकाला जवळजवळ सरळ, डोळा गडद तपकिरी, स्वभाव गरीब. ड्राँगो गरीब नाही, हीसुद्धा ओळखीची एक खूणच आहे. दाट जंगलाच्या कडेला आणखी एक बुटका, चौकोनी शेपटीचा ड्राँगो दिसतो, पण ती वेगळी जात. त्याला सावली लागते. याला उघडा माळ लागतो.

उघडा माळ म्हणजे सव्हाना: गवत, मधेमधे बाभळीच्या कुळातली काटेरी झाडं, आणि झाडांमध्ये एवढं अंतर की एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत नजर पोचावी. क्रूगरमधली मोपानेची रानं, झांबियातली मिओम्बोची विरळ जंगलं, शेतांचे बांध, नदीकाठ, कुंपणाच्या तारा, सगळीकडे हा असतो. सहाराच्या दक्षिणेला फार मोठ्या पट्ट्यात याची वस्ती आहे. सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातल्या ड्राँगोंना अलीकडे अभ्यासक वेगळी जात मानू लागले आहेत, पण तुमच्या क्रूगरच्या पक्ष्याला त्याने काही फरक पडत नाही. दाट वर्षावन आणि अगदी बोडकं वाळवंट एवढंच तो टाळतो.

पोट भरायची रोजची पद्धत आपल्या कोतवालासारखीच. मोक्याची फांदी पकडायची, ताठ बसायचं, किडा दिसला की झेप घालायची आणि परत त्याच फांदीवर. आफ्रिकान्स भाषेत त्याचं नावच 'मिकस्टर्ट-बायफांगर' आहे, म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा मधमाशीमार. झुलू आणि कोसा लोक त्याला 'इंटेंगू' म्हणतात. गवताला वणवा लागला की जिवाच्या भीतीने उडणारे टोळ टिपायला हे लगेच हजर. झेब्रा, रानम्हशी, गेंडा यांच्या पायांनी उडणारे किडे पकडायला ते त्यांच्यासोबत चालतात, कधी पाठीवर बसून. म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल ज्याने पाहिलाय त्याला हे चित्र नवं नाही.

आता मुख्य मुद्दा. यात सगळ्यात जास्त माहिती आलीय ती कालाहारी वाळवंटातून. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात, कुरुमान नावाच्या बहुतेक वेळ कोरड्याच असणाऱ्या नदीच्या काठी एक राखीव क्षेत्र आहे. लाल वाळूचे उंचवटे, त्यावर उंटकाटा बाभळी, आणि हिवाळ्यात रात्री शून्याखाली जाणारा पारा. इथे 1993 पासून टिम क्लटन-ब्रॉक यांनी मीरकॅटचा, म्हणजे टोळीने राहणाऱ्या, मुंगसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्याचा अभ्यास चालवला, आणि 2003 पासून अमांडा रिडली यांनी पाइड बॅबलरचा. पाइड बॅबलर म्हणजे आपल्या सातभाईंचे आफ्रिकेतले भाऊबंद: पांढरं अंग, काळे पंख, काळी शेपटी, टोळीने राहणं आणि दिवसभर कलकलाट, सगळं तसंच. माणसांना सरावलेली मीरकॅट आणि बॅबलर तिथे आयतेच होते, आणि त्यांच्या डोक्यावर कायम ड्राँगो. टॉम फ्लॉवर या संशोधकाने मग त्या ड्राँगोंचाच पाठलाग सुरू केला. पायात रंगीत कडी घालून एकेक पक्षी वेगळा ओळखता येईल असं केलं. शिट्टी वाजवली की अळी मिळते, एवढं त्यांना शिकवलं. त्याचे निष्कर्ष आधी 2011 मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी' या नियतकालिकात आणि मग 2014 मध्ये 'सायन्स'मध्ये आले.

फ्लॉवरने पाहिलं ते असं. ड्राँगो मीरकॅटच्या किंवा बॅबलरच्या टोळीवर पहारा देतो. खराखुरा ससाणा किंवा गरुड आला की इशारा देतो, टोळी बिळात नाहीतर झुडपात पळते, जीव वाचतो. हे रोज, खात्रीने, प्रामाणिकपणे. आणि मग एखाद्या मीरकॅटने वाळूतून जाडजूड विंचू किंवा पाल उकरून काढली की, आकाशात काहीही नसताना, हा पुन्हा तोच इशारा देतो. मीरकॅट शिकार टाकून धावतो. ड्राँगो खाली उतरतो, विंचू उचलतो आणि फांदीवर जाऊन आपटून खातो. ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा खऱ्या आणि खोट्या इशाऱ्याच्या आवाजात काहीही फरक सापडला नाही. स्पीकरवर वाजवून पाहिलं, तरी प्राण्यांना तो कळला नाही.

हा उपद्व्याप का, तेही समजून घ्या. ड्राँगोची चोच आणि पाय उकरण्यासाठी नाहीत. वाळूखालची अळी, विंचू, पाल त्याला स्वतःहून मिळणंच शक्य नाही, आणि असा एक घास म्हणजे उडत्या किड्यांची कितीतरी टिपणं. हिसकावून घ्यावं तर मीरकॅट त्याच्या दहापटीहून जड. राहिली ती भीती. म्हणून गार सकाळी, किडे अजून उडायला लागले नसतात तेव्हा, चोऱ्या जास्त होतात. ऊन तापलं, हवेत किडे झाले की हा पुन्हा कष्टाचं खातो. फ्लॉवरच्या मोजणीत दिवसाच्या एकूण खाण्यापैकी सुमारे 23 टक्के चोरीचं निघालं. बाकीचं तीन चतुर्थांश त्याने स्वतः कमावलेलं असतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारे त्याला अट्टल चोर करून टाकतात.

इथे तुम्ही म्हणाल, लांडगा आला रे आला! दोनदा फसलेला गाव तिसऱ्यांदा धावत नाही. अगदी बरोबर, आणि बॅबलरही धावत नाहीत. एकच इशारा पुन्हापुन्हा वाजवला तेव्हा तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांनी दुर्लक्ष करायला सुरुवात केली. पण गोष्टीतल्या पोराकडे एकच आरोळी होती. ड्राँगोकडे पोतडीभर आहेत. 64 पक्ष्यांच्या निरीक्षणात 51 प्रकारचे इशारे नोंदले गेले. त्यातले फक्त 6 त्याचे स्वतःचे, उरलेले 45 इतरांकडून उचललेले: बॅबलरचे, मीरकॅटचे, चकचकीत साळुंक्यांचे, आणखी कितीतरी जणांचे. ज्याला लुटायचंय त्याच्याच बोलीतला इशारा दिला तर तो जास्त लागू पडतो. आणि एका हाकेला समोरचा बधला नाही की पुढच्या वेळी हाक बदलायची. हाक बदलली की समोरचा परत दचकतो. त्याला तरी काय दोष द्यावा? त्यातली एखादी हाक खरी असते, आणि ती चुकली तर पुन्हा चुकायला तो उरत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग सांगतो. जुलै महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा, कालाहारीतली सकाळ, थर्मासमधला चहा बोटांना ऊब देण्यापुरताच. उंटकाटा बाभळीखाली पाच बॅबलर पालापाचोळा उलटत होते. वर, वाळलेल्या फांदीवर ड्राँगो, पिसं फुगवून गोळा झालेला. तो अधूनमधून एक बारीकसा 'ट्वँक' आवाज काढत होता, म्हणजे 'मी आहे, चालू द्या'. एका बॅबलरने पांढरी, बोटाच्या पेराएवढी अळी बाहेर ओढली. ओढताना ती अर्धी आत अडकली होती, बॅबलर मागे रेलून खेचत होता. ड्राँगो फांदीवर दोन पावलं सरकला आणि पिसं अंगाला चापून बसवली. माझ्या शेजारच्या वहिनी कुजबुजल्या, "आता बघा." अळी सुटली त्या क्षणी वरून कर्कश, खरखरीत आवाज आला, तो थेट बॅबलरचाच. पाचही जण झुडपात. अळी वाळूवर. ड्राँगोने ती उचलली तेव्हा तो इतका निवांत होता की एकदा चोच पुसून मग उडाला. सगळं मिळून चार-पाच सेकंदं. गटातल्या एका गृहस्थांनी त्या वेळी कॅमेऱ्याची लेन्स बदलायला घेतली होती, त्यांच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

त्या 'ट्वँक'चीही एक कथा आहे. कालाहारीत सोशल वीव्हर नावाचे सुगरणीचे नातलग एकाच झाडावर गवताच्या गंजीएवढं सामायिक घरटं बांधतात. ते जमिनीवर दाणे-किडे टिपतात तेव्हा ड्राँगो अशी 'सगळं ठीक आहे'ची हाक देतो. ती ऐकली की वीव्हर मान वर करून बघायचं सोडून निर्धास्त खातात. त्यांचा फायदा होतो. आणि ते जितके निवांत उकरतील तितकं चोरण्याजोगं वर येतं, हा ड्राँगोचा फायदा. म्हणजे हा नुसती भीती घालत नाही, आधी भरवसाही देतो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणावं, तर हे कुंपण एरवी राखण खरोखरच करतं. बॅबलरनाही हा हिशेब कळतो असं दिसतं. छोट्या टोळ्या ड्राँगोला खपवून घेतात, कारण पहाऱ्याला स्वतःचा माणूस बसवणं त्यांना परवडत नाही. टोळी मोठी असली, घरचे पहारेकरी पुरेसे असले, की त्याला हुसकावून लावतात.

आता हुशारी म्हणजे काय, यावर माझं मत. पाहुणे विचारतात, समोरच्याच्या मनात काय आहे हे त्याला कळतं का? आपण खोटं बोलतोय हे त्याला ठाऊक असतं का? यासाठी मन वाचायची गरज नाही. 'ही हाक दिली, घास मिळाला. ती दिली, नाही मिळाला. मग दुसरी देऊन बघू' एवढी शिकवण पुरते, आणि अभ्यास करणाऱ्यांनीही ही शक्यता मोकळी ठेवलेली आहे. मला यात त्याची किंमत कमी झाल्यासारखं वाटत नाही. मला त्याची खरी करामत दिसते ती पत सांभाळण्यात. खोटं सगळ्यांनाच जमतं. किती वेळा खरं बोलल्यावर एक खोटं खपतं, हे त्याच्या वागण्यात पक्कं बसलेलं आहे. आमच्या गावच्या सावकारालाही एवढं जमलं नव्हतं.

घरट्याचं थोडक्यात. दक्षिणेकडे सप्टेंबरपासून विणीचा हंगाम. आडव्या फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली उथळ वाटी, तीत बहुधा तीन अंडी. या दिवसांत नर-मादी दोघंही पिसाळल्यासारखी वागतात. गरुड, धनेश, कावळा, जो कोणी फिरकेल त्याच्या डोक्यावर झडप घालतात. एकदा घरट्याच्या झाडाखाली गाडी थांबवायची चूक मी केली आणि उघड्या छतातून डोकं बाहेर काढलेल्या पाहुण्याची टोपी उडता उडता वाचली. म्हणूनच लहान पाखरं अशा झाडाच्या आसपास आपली घरटी बांधतात म्हणे, जशी आपल्याकडे कोतवालाच्या आसऱ्याला बुलबुल आणि होले बांधतात. आपल्याकडचं 'कोतवाल' हे नाव या पहारेदारीवरूनच आलंय.

आणि या ठगालाही ठकवणारा आहे. आफ्रिकन कोकीळ आपलं अंडं नेमकं याच्याच घरट्यात घालते. रंग, ठिपके, सगळं हुबेहूब. चोरावर मोर! पण दक्षिण झांबियात चोमाजवळ जेस लंड, क्लेअर स्पॉटिसवूड आणि त्यांच्या झांबियन सहकाऱ्यांनी केलेलं काम 2023 मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातून दिसतं की ड्राँगो इथेही सवाई आहे. प्रत्येक मादीच्या अंड्यांची नक्षी तिची स्वतःची, चेकवरच्या सहीसारखी. एकीची अंडी पांढरी कोरी, दुसरीची गुलाबीसर तांबड्या ठिपक्यांची, तिसरीची आणखी वेगळी. कोकिळेने ड्राँगोच्या अंड्यांची नक्कल कितीही चांगली केली तरी ती नेमकी या मादीच्या सहीशी जुळायला हवी, आणि कुठल्या घरट्यात कुठली सही आहे हे बघून कोकीळ अंडं घालत नाही. संशोधकांनी एका घरट्यातली अंडी दुसऱ्यात ठेवून पाहिली, आणि त्यावरून हिशेब मांडला की कोकिळेची सुमारे 94 टक्के अंडी ओळखून बाहेर फेकली जात असावीत. दुसऱ्यांच्या हाकांची नक्कल करून जगणारा पक्षी आपल्या घरात आलेली नक्कल पकडतो. हे मी गटाला रात्री शेकोटीपाशी सांगतो, दिवसा सांगितलं तर कोणी घरटी शोधायला निघेल.

आपल्याकडे असं काही दिसतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार. आपला कोतवाल शिक्र्याचा आवाज काढून साळुंक्यांना उडवतो आणि त्यांचा किडा पळवतो, अशा नोंदी आहेत. सह्याद्रीच्या जंगलातला भृंगराज, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांची पानं असलेला, हा तर नकलांचा बादशहाच. तो सातभाईंसारख्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यांसोबत फिरतो आणि शिकारी पक्ष्यांपासून खारींपर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो. मात्र कालाहारीत झाली तशी, एकेका पक्ष्याला ओळखून, दर चोरीची नोंद ठेवून झालेली मोजणी आफ्रिकेतल्या कोतवालाच्या वाट्याला आली, म्हणून नाव त्याचं झालं.

पुढच्या खेपेला त्याला पाहायचं असेल तर गाडी दामटू नका. जून ते ऑगस्ट, सूर्य उगवल्यानंतरचे पहिले दोन तास. मुंगसं, बॅबलर, धनेश, जमीन उकरणारं कोणीही दिसलं की थांबा, इंजिन बंद करा आणि त्यांच्याकडे न बघता वरच्या वाळक्या फांद्या तपासा. काळा पक्षी सापडला की दुर्बीण त्याच्यावर धरा, पण दुसरा डोळा जमिनीवर ठेवा. कोणी काही मोठं उकरून काढलं की तो पिसं चापून बसवतो, तेवढीच तुम्हाला मिळणारी पूर्वसूचना. इशारा झाला की आधी आभाळाकडे बघा. मी बावीस वर्षांनंतरही बघतो. एकदा आभाळात काही नसणार असं धरून मी वाळूकडेच बघत राहिलो, आणि माझ्या मागून मार्शल ईगल निघून गेला.